सिनेमा दबका, गाणे दणदणीत

संगणकावर सिनेमा लावला की आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवावी लागते. तरीही नायिका हळू बोलली की मान पुढे करून ऐकावे लागते. सिनेमा संपतो, कोणीतरी त्याच संगणकावर एखादे गाणे सुरू करतो आणि पहिल्याच ठोक्याला घर दणाणते. मग पट्टी घाईघाईने खाली. पुन्हा सिनेमा, पुन्हा पट्टी वर. घरोघरी संगणक आले तेव्हापासून हे चालू आहे आणि बहुतेकांनी दोष दिला तो स्पीकरला, साउंड कार्डाला किंवा फाइल नीट उतरली नसेल या शंकेला. दोष त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. सिनेमाचा आवाज आणि गाण्याचा आवाज दोन वेगळ्या धंद्यांनी दोन वेगळ्या टोकांकडून मोजलेला आहे. सिनेमावाल्यांनी मोजायला सुरुवात केली माणसाच्या बोलण्यापासून, रेकॉर्डवाल्यांनी छतापासून. छत म्हणजे ज्याच्या वर यंत्राला जाताच येत नाही ती कमाल मर्यादा. या दोन्ही वाटा अनेक दशके वेगवेगळ्या चालल्या आणि संगणकात एकाच बटणाशी येऊन भिडल्या.

आवाज मोजायचा म्हणजे नेमके काय मोजायचे, हा प्रश्न आधी पडला टेलिफोनवाल्यांना. लांब तारेतून जाताना बोलणे किती क्षीण होते हे सांगण्यासाठी अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी एक एकक वापरायला घेतले आणि १९२८ मध्ये त्याला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून डेसिबल हे नाव दिले. डेसिबल हे मुळात प्रमाण आहे. अमुक आवाज तमुकाच्या किती पट, एवढेच ते सांगते. ऐकणाऱ्याला तो कसा वाटेल हे त्यात येत नाही. ती उणीव भरायला बेलच्याच प्रयोगशाळेतले हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन पुढे आले. त्यांनी माणसांच्या कानाला हेडफोन लावून निरनिराळ्या उंचीचे शुद्ध स्वर ऐकवले, कोणता स्वर केव्हा सारखा मोठा वाटतो ते टिपले आणि १९३३ मध्ये त्या नोंदींचे आलेख प्रसिद्ध केले. कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही हे त्या आलेखांनी पक्के केले. दोन ते पाच हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण असतो. खर्जातले स्वर मात्र त्याला हळू आवाजात जवळजवळ ऐकूच येत नाहीत. तबल्याचे रेकॉर्डिंग अगदी हळू लावले की डग्गा आधी हरवतो आणि चाटेवरचे बोल शिल्लक राहतात, ते याच कारणाने.

याच सुमारास रेडिओ स्टेशनांना रोजच्या कामासाठी मीटर हवा होता. बेलच्या प्रयोगशाळेने सीबीएस आणि एनबीसी या दोन रेडिओ कंपन्यांबरोबर बसून १९३९ मध्ये व्हीयू मीटर ठरवला. जुन्या टेपरेकॉर्डरवर डुलणारा काटा दिसायचा तो हाच. त्याला खऱ्या पातळीपर्यंत चढायला सुमारे ०.३ सेकंद लागत. त्यामुळे क्षणभराचा टोला तो दाखवतच नसे, साधारण सरासरी दाखवी. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९३० च्या दशकात वेगळा मीटर घडवला. तो शिखरे पकडी, म्हणजे आवाज सर्वांत उंच टोक गाठतो तो क्षण. दोघांचीही गरज खरी होती. शिखर ओलांडले की प्रक्षेपण फाटते, म्हणून यंत्राला शिखराची भीती असते; ऐकणाऱ्याला मात्र मोठेपणा जाणवतो तो सरासरीतून. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या दोन मीटरांमधल्या फरकात आहे. एक मीटर कानाच्या बाजूने उभा होता, दुसरा यंत्राच्या.

सिनेमाने कानाची बाजू घेतली, पण त्याला वेळ लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा थिएटरात आवाज किती ठेवायचा हे प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या हातात होते. तो सभागृहाकडे बघून बटण फिरवी. जगभर थोड्याफार फरकाने हेच चालले होते. ही रीत बदलली ती १९७० च्या दशकात, डॉल्बी कंपनीने थिएटरांत पाय रोवल्यावर. या कंपनीचे संस्थापक रे डॉल्बी १९६० च्या दशकात दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. टेपवरची खरखर कमी करण्याची मूळ कल्पना त्यांना त्याच मुक्कामात सुचली आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली. त्यांचे नाव खरखरीशी जोडले गेले आहे, पण सिनेमाच्या दृष्टीने त्याहून मोठे काम ठरले ते थिएटरातला आवाज बांधून देण्याचे.

ते काम असे होते. ‘पिंक नॉइज’ नावाचा एक ठरावीक फुसफुसाट पडद्यामागच्या स्पीकरमधून सोडायचा आणि प्रेक्षकाच्या खुर्चीपाशी तो ८५ डेसिबल भरेल असे यंत्र जुळवायचे. थिएटरच्या यंत्रावर बटणाला शून्य ते दहा आकडे असत. ही जुळणी सातवर करायची आणि मग बटणाला हात लावायचा नाही. स्टुडिओतही मिक्सिंग करणारा तंत्रज्ञ याच मापाच्या खोलीत बसे. आपण ऐकतो तेवढेच मोठे ते सांगलीच्या किंवा सिएटलच्या प्रेक्षकाला ऐकू येईल, असे धरूनच तो काम करी. डिजिटल काळात हा फुसफुसाट छताच्या २० डेसिबल खाली ठेवला गेला. म्हणजे वर २० डेसिबल मोकळी जागा राहिली. संवाद त्याहूनही थोडे खाली, माणूस बोलतो तसे. वरची जागा विजेच्या कडकडाटासाठी, स्फोटासाठी, वाद्यमेळ उसळतो त्या क्षणासाठी. सिनेमाचा आवाज घरी दबका वाटतो तो या मोकळ्या जागेमुळे. ती जागा फुकट गेलेली नाही, ती मुद्दाम राखलेली आहे, आणि मोठ्या सभागृहात सिनेमा ऐकताना अंगावर काटा येतो तो तिच्यामुळेच.

हे बांधलेले गणितही बिघडलेच. जाहिरातपट आणि ट्रेलर बनवणाऱ्यांनी ती मोकळी जागा ठासून भरली. प्रेक्षक तक्रार करू लागले, प्रोजेक्टरवाल्याने सातचे बटण पाचवर आणले आणि मग मुख्य सिनेमातले संवादही ऐकू येईनासे झाले. त्यावर उपाय म्हणून काही मिक्सिंगवाले सिनेमाच मोठा करू लागले. शेवटी हॉलिवूडला ट्रेलरच्या मोठेपणावर मर्यादा घालून घ्यावी लागली. एक बटण आणि दोन प्रकारचा माल, ही अडचण संगणकाच्या आधी थिएटराने भोगलेली आहे.

रेकॉर्डच्या धंद्यात माणसाच्या बोलण्याचा असा काही आधार नव्हता. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. गायक कर्ण्यासमोर उभा राही आणि कर्ण्यापासूनचे अंतर हेच आवाजाचे बटण असे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले, तरी तबकडीची मर्यादा सुटली नाही. मोठा आवाज म्हणजे रुंद खाच. रुंद खाचा जागा खातात, म्हणून वेळ कमी मिळतो. खाच फारच नागमोडी झाली तर सुई उडते. तरीही चढाओढ होतीच. अमेरिकेत नाणे टाकून गाणे लावायची ज्यूकबॉक्स यंत्रे हॉटेलाहॉटेलांत होती. तिथला आवाज मालकाने एकदाच ठरवून ठेवलेला असे. त्यात जी तबकडी जास्त मोठ्याने कोरलेली, ती उठून दिसे. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी १९६० च्या दशकात तिच्या खणखणीत मोठ्या छोट्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध होती. ही चढाओढ खाचेच्या रुंदीपाशी येऊन थांबे. प्लॅस्टिकनेच तिला आवर घातला होता.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सीडी विक्रीला आली आणि हा आवर गेला. सीडीवर आवाज १६ बिटांच्या आकड्यांत लिहिला जातो. प्रत्येक बिट सुमारे सहा डेसिबलची भर घालतो, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर ठेवता येते. इतकी मोठी जागा संगीताला त्याआधी कधीच मिळाली नव्हती. वर मात्र सपाट छत आहे. ३२,७६७ या आकड्यापुढे लिहायला आकडाच नाही. त्यावर जाऊ पाहणारी लाट सरळ कापली जाते आणि कानाला ती चरचरीत लागते. पहिल्या काही वर्षांत तंत्रज्ञ या छतापासून बरेच खाली राहून काम करत. मग १९९४ मध्ये वेव्हज कंपनीचे एल-वन नावाचे सॉफ्टवेअर आले. ते येणारी लाट क्षणभर आधी पाहून घेई, शिखर छताला लागण्याआधी दाबून टाकी आणि उरलेला सगळा आवाज वर उचले. शिखर जागच्या जागी, सरासरी मात्र कितीतरी वर. यंत्राच्या बाजूचा मीटर यात काहीच वावगे दाखवत नसे.

पुढे जे झाले ते संगीताच्या दृष्टीने दुःखदच म्हणावे लागेल. ओएसिस या ब्रिटिश बँडचा १९९५ चा अल्बम, रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा ‘कॅलिफोर्निकेशन’, अशी पायरीपायरीने पातळी चढत गेली. दोन गाणी पाठोपाठ ऐकली तर जे मोठे ते पहिल्या क्षणी चांगले वाटते, एवढ्या एका गोष्टीवर सगळी शर्यत चालली होती. सप्टेंबर २००८ मध्ये मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा ती उघड्यावर आली. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्येही दिली होती आणि गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी व श्वास घेणारी आहे हे चाहत्यांच्या कानांनी पकडले. सीडी पुन्हा नीट तयार करावी म्हणून हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी, गाणी आपल्याकडे आली तेव्हाच भिंतीला टेकलेली होती, असे कळवले. त्याच वर्षी गन्स अँड रोझेसच्या अल्बमसाठी बॉब लुडविग यांनी तीन आवृत्त्या तयार केल्या आणि बँडने त्यांतली सर्वांत मोकळी निवडली. पण असे धाडस करणारे थोडे होते.

आता बेरीज करता येते. शर्यतीतल्या सीडीवरच्या गाण्याची सरासरी छताच्या जेमतेम आठ-नऊ डेसिबल खाली. सिनेमातले संवाद सुमारे २७ डेसिबल खाली. मधले अंतर १८ डेसिबलचे. दर दहा डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे गाणे संवादाच्या तिपटीहून मोठे. डीव्हीडीवरच्या सिनेमाबाबत आणखी एक गोष्ट घडे. त्यात डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि खर्जाचा असे सहा मार्ग असतात, आणि संवाद जवळजवळ सगळे मधल्या मार्गात असतात. संगणकाला स्पीकर दोनच. तेव्हा प्लेअर मधला आणि मागचा मार्ग डाव्या-उजव्यात मिसळतो, आणि बेरीज छताबाहेर जाऊ नये म्हणून सगळेच खाली उतरवतो. मिसळण्याच्या नेहमीच्या प्रमाणात ही उतरण साडेसात डेसिबलच्या आसपास जाते. आधीच दबके असलेले संवाद इथे पुरते बुडतात.

भारतीय श्रोत्याच्या वाट्याला याचा एक खास प्रकार आला. ‘आलम आरा’ची गाणी अभिनयाबरोबर सेटवरच मुद्रित झाली होती, पण १९३५ च्या ‘धूप छांव’पासून पार्श्वगायन आले आणि गाणे वेगळे मुद्रित होऊ लागले. तेव्हापासून एकाच गाण्याला दोन घरे मिळाली. सिनेमात ते संवादांच्या शेजारी बसवले जाते, म्हणून त्याला तिथल्या मापात राहावे लागते. कॅसेट-सीडीच्या कंपनीकडे ते रेकॉर्डच्या धंद्याच्या मापाने तयार होते. संगणकावर तेच गाणे सिनेमाच्या फाइलमधून ऐकले आणि मग एमपीथ्रीवर ऐकले, तर आवाज, चाल, गायिका सगळे तेच असूनही पातळी निराळी लागते ती या दोन घरांमुळे.

संगणकाने हा प्रश्न पुढे अधिकच गुंतवला. १९८१ च्या आयबीएम पीसीत फक्त टूं टूं करणारा छोटा स्पीकर होता. त्याला आवाजाचे बटणच नव्हते. १९८७ मध्ये ॲडलिब कार्ड आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर आले. विंडोज ९५ मध्ये घड्याळाशेजारच्या कर्ण्यावर दोनदा टिचकी मारली की पट्ट्यांची रांग उघडे: एक सगळ्यांची मिळून, मग वेव्ह, मिडी, सीडी, माइक. ही रांग बऱ्याच जणांना निरर्थक वाटे, पण त्या काळात तिला नेमका अर्थ होता. गाण्याची सीडी लावली की तिचा आवाज सीडी ड्राइव्हमधून एका बारीक तारेने थेट साउंड कार्डात जाई. म्हणजे गाण्याची पट्टी वेगळी, गेम आणि व्हिडिओची वेगळी. एकदा जुळवून ठेवले की भांडण मिटले.

एमपीथ्रीने ती व्यवस्था मोडली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने जुलै १९९५ मध्ये या फाइलींसाठी एमपीथ्री हे शेपूट निवडले; १९९७ मध्ये विनॅम्प हा प्लेअर आला आणि गाणी सीडीवरून उतरून हार्ड डिस्कवर जमू लागली. आता गाणेही वेव्हच्या पट्टीतून आणि सिनेमाही वेव्हच्या पट्टीतून. सीडीची पट्टी नुसती शोभेला उरली. पुढे फ्रेंच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी प्लेअर २००१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यातली पट्टी शंभर टक्क्यांच्या पलीकडे जाई, आणि दबक्या सिनेमांना हैराण झालेल्यांनी त्याला डोक्यावर घेतले. पण शंभराच्या पलीकडे आवाज नेणे म्हणजे आकडे गुणणे. संवाद वर येतात आणि स्फोट छतावर आपटून कापले जातात.

ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना जाग आली ती २००७ मध्ये. त्या वर्षी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र पट्टी मिळाली. नोव्हेंबरात आलेल्या फेडोरा ८ मध्ये पल्सऑडिओ हे सॉफ्टवेअर आपोआप बसून येऊ लागले आणि लिनक्सवरही तेच साधले. २००९ च्या विंडोज ७ ने कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्के खाली आणण्याची सोय दिली. हे सगळे उपयोगाचे होते, पण दुखणे प्रोग्रॅमचे नव्हतेच. एकाच प्लेअरमध्ये १९८५ ची सीडी आणि २००५ ची सीडी एकामागून एक लावली तरी पट्टीकडे हात जाई. व्हिस्टाने चालता आवाज चालतानाच समतल करणारी एक सोयही दिली होती. पुढे काय येणार हे तिला ठाऊक नसे, त्यामुळे शांत प्रसंग आला की ती मागचा पंखाही वर उचले.

खरी सुटका वेगळ्या दिशेने आली आणि ती आणली एका विद्यापीठातल्या संशोधकाने. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात असलेल्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी जुलै २००१ मध्ये रिप्लेगेन नावाची पद्धत मांडली. तिच्यात गाण्याला हात लावायचा नाही. आधी संपूर्ण गाणे संगणकाने ऐकून घ्यायचे: कानाच्या आलेखाप्रमाणे चाळायचे, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा जोर काढायचा आणि त्यावरून हे गाणे किती मोठे वाटेल याचा एक आकडा ठरवायचा. तो आकडा फाइलीच्या चिठ्ठीवर, गायकाच्या नावाशेजारी लिहून ठेवायचा. वाजवताना प्लेअर तो वाचतो आणि तेवढी पातळी खाली-वर करतो. मूळ मुद्रण जसेच्या तसे राहते.

रॉबिन्सन यांनी तुलनेसाठी निवडलेले माप सिनेमाचे होते: तोच पिंक नॉइज, छताच्या २० डेसिबल खाली, फक्त ८५ ऐवजी ८३ डेसिबलला जुळवलेला. दोन धंद्यांना प्रथमच एकाच मोजपट्टीवर उभे केले गेले. पण गाणी ऐकणाऱ्यांना हे माप फारच हळू वाटले आणि प्लेअर बनवणाऱ्यांनी ते सहा डेसिबलने वाढवून ८९ केले. एमपीथ्रीगेन या फुकट प्रोग्रॅमने तेच ८९ धरून लाखो फाइली दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी सारख्या केल्या, आणि त्याही परत मूळपदावर आणता येतील अशा. ॲपलने २००२ मध्ये आयट्यून्समध्ये ‘साउंड चेक’ आणले, त्यामागचा विचारही हाच.

रिप्लेगेनमधली सर्वांत समंजस गोष्ट म्हणजे दोन आकडे: एक गाण्याचा, एक अख्ख्या अल्बमचा. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइली असतील आणि प्रत्येक गाणे वेगळे मोजले, तर विलंबिताचा शांत आरंभ द्रुताच्या तानांइतका उचलला जाईल आणि मैफलीचा चढ नाहीसा होईल. अल्बमचा आकडा वापरला तर दोन्ही फाइली मिळून वर-खाली होतात आणि गायकाने ठेवलेले अंतर टिकते. समतोल म्हणजे सगळे सपाट करणे नव्हे, हे या पद्धतीने पहिल्या दिवसापासून जाणले होते.

सिनेमाच्या फाइलींना मात्र ही चिठ्ठी क्वचितच लागली. त्यांच्यासाठी पुढचे पाऊल टीव्हीवाल्यांनी उचलले, आणि तेही जाहिरातींच्या त्रासामुळे. जाहिरात छताच्या आतच असे, म्हणून शिखर मोजणाऱ्या मीटरपुढे ती निर्दोष. घरातला माणूस मात्र रिमोट शोधत असे. भारतात १९९४ च्या केबल टीव्ही नियमांनी जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे सांगितले, पण किती म्हणजे अवाजवी याचे माप तेव्हा जगात कुठेच पक्के नव्हते. ते २००६ मध्ये आले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कॅनडातल्या ऐकण्याच्या प्रयोगांवर आधारलेली मोजणी प्रसिद्ध केली. ऑगस्ट २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने ऑस्ट्रियाच्या फ्लोरियान कामेरर यांच्या पुढाकाराने ‘आर १२८’ हा दंडक काढला: प्रत्येक कार्यक्रम, जाहिरातीसकट, छताच्या खाली २३ एककांवर. एककाचे नाव एलयूएफएस, आणि त्यातले एक पाऊल म्हणजे एक डेसिबल. या मोजणीला एक दार ठेवलेले आहे. शांततेचे तुकडे आणि सरासरीच्या फार खालचे तुकडे त्या दाराबाहेर राहतात, म्हणजे मध्ये लांब शांतता ठेवून उरलेला भाग ओरडता करण्याची पळवाट बंद. अमेरिकेत काँग्रेस सदस्य ॲना एशू यांनी मांडलेला कायदा डिसेंबर २०१० मध्ये मंजूर झाला आणि १३ डिसेंबर २०१२ पासून टीव्हीवरच्या जाहिरातींना लागू झाला.

त्यानंतर स्ट्रीमिंगवाल्यांनी हीच मोजपट्टी उचलली. स्पॉटिफाय साधारण उणे १४ वर, म्हणजे छताच्या १४ एकके खाली, गाणी आणून ठेवते. यूट्यूबही मोठी गाणी तिथवर खाली ओढते. यामुळे मोठेपणाच्या शर्यतीतली हवाच गेली. कोणी उणे आठवर गाणे दिले तरी ते सहा डेसिबल खाली उतरवले जाते, आणि मग चेपलेले गाणे मोकळ्या गाण्याशेजारी खुजे वाटते. इतकी वर्षे विनवण्यांनी झाले नाही ते या एका हिशेबाने केले.

तरीही संगणकावर सिनेमा संपवून गाणे लावले की हात पट्टीकडे जातोच. कारण नेटफ्लिक्स निर्मात्यांकडून संवाद उणे २७ वर मागते आणि गाणी उणे १४ वर वाजतात. मोजपट्टी एक झाली, खूण दोन ठिकाणी राहिली. मधले अंतर १८ वरून १३ डेसिबलवर आले आहे. हे अंतर पुरते मिटवावे असे मात्र नाही. सिनेमाची मोकळी जागा भरून टाकली तर जे नुकसान सीडीचे झाले तेच सिनेमाचे होईल. गाणे खाली आणणे हाच न्याय्य मार्ग आहे. ज्यांच्या प्लेअरमध्ये रिप्लेगेन, साउंड चेक किंवा व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन आहे त्यांनी ते चालू ठेवावे, अल्बम ऐकताना अल्बमचा पर्याय निवडावा आणि स्पीकरचे बटण एकदाच, संवाद ऐकू येतील असे लावावे.

मराठीत एक काम याहून निकडीचे आहे. यूट्यूब मोठा आवाज खाली ओढते, पण हळू आवाज वर उचलत नाही. व्याख्यानमालांची भाषणे, कीर्तने, जुन्या नाटकांच्या ध्वनिफिती लोक फार मायेने चढवतात आणि त्यांतली कित्येक इतकी हळू असतात की पट्टी शेवटाला नेऊनही शब्द कळत नाहीत. मग मध्येच लागलेली जाहिरात कानठळ्या बसवते. ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे. तिथे उणे १६ हा आकडा घालावा, ॲपल पॉडकास्टसाठीही तोच सांगते. मग शिखरे छताला लागत नाहीत ना हे पाहून फाइल जतन करावी. टाळ्या किंवा खोकला उंच गेला असेल तर तेवढाच भाग हाताने खाली घ्यावा. ज्यांच्याकडे अशी जुनी मुद्रणे आहेत त्यांनी ती चढवण्याआधी एवढे एकदा करावे, आणि मूळ फाइल न पुसता वेगळी जपून ठेवावी.